हक्काची

लग्नघरातला 'नारायण' कोण, असं विचारलं तर चटकन एखाद्या काकांचं नाही तर भाऊजींचं नाव पुढं येतं. पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला हा नारायण पुस्तकातून निघाला तो पार आमच्या देवणीच्या मांडवापर्यंत पोचला. पण त्याच मांडवामागं पहाटेपासून पुऱ्या लाटत बसलेलीला काय म्हणतात? 'अहो, ती आपली हक्काची आहे!'

शब्द गोड आहे, खोटं कशाला बोला? जिला काम सांगताना संकोच वाटत नाही, ती हक्काची. बाळंतिणीला न्हाऊ घालायचंय, दवाखान्यात रात्री थांबायचंय, की मारा तिला हाक. 'परोपकारी' म्हटलं तर आभार मानावे लागतात. (मागं 'गंपू' जोडून हसताही येतं, ते वेगळं!) हक्काचीचे आभार मानले तर उलट तीच रुसते. पण बारकाईनं पाहा, यात हक्क कुणाचा? सांगणारीचा. करणारीच्या वाट्याला नुसतं करणं.

देवणी म्हटलं की लोकांना आठवतात ते इथले बैल; वानेरा, बालंक्या, शेवरा. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या तसल्याच शेतकऱ्याशी सावड करायचा. दोघांची मिळून जोडी. आज तुझं रान, उद्या माझं. सावडीत उपकार नसतो, आणि पाळीही कुणी विसरत नाही. उन्हाळ्यात आपण एकमेकींकडे पापड-कुरडया करू लागायला जातो, ती सावडच की! आज माझ्या गच्चीवर, परवा तुमच्या.

मग दुखण्याखुपण्यातच ही पाळी का मोडते? आमच्या गल्लीतल्या अशाच एक हक्काच्या बाई चार दिवस तापानं पडून होत्या. पाचव्या दिवशी दोघीजणी दारात आल्या. "काय वो, दिसला नाहीत? बरं, परवा आमच्याकडं पुरणाचं तेवढं बघा."

बाई उशीवरूनच म्हणाल्या, "बघते की. पण तोवर माझ्या घरी भाकरी कोण टाकतंय, ते आधी सांगा."

एकीला रागच आला. ती तडक घरी गेली. दुसरीनं पदर खोचला आणि ज्वारीच्या पिठाचा डबा कुठं आहे ते विचारलं.