तान्ह्यांचें पंचांग

साथीचा हिशेब म्हणजे मेलेल्यांचा हिशेब, अशी आपल्याकडे समजूत आहे. १८९६ सालचा मुंबईचा ग्रंथिक सन्निपात घ्या, १९१८ सालचा इन्फ्ल्युएंझा घ्या अथवा २०२० सालचा कोरोना घ्या. किती लागले व किती दगावले हें सांगितलें कीं साथीचें वर्णन संपलें असें आपण मानतों. कोरोनाच्या दिवसांत तर हा आंकडा रोज सायंकाळीं दूरचित्रवाणीवर येई, आणि पूर्वीं ज्या वेळीं देवाजवळ दिवा लावून मुलें हात जोडीत, त्या वेळीं घरोघर त्याचें श्रवण चाले. आम्हीही तें केलें. परंतु त्या साथीनें केलेली एक हानि अशी आहे कीं, तिचा आंकडा त्या वेळीं कोणीं सांगितला नाहीं, आणि पुढेंही तो नीट सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. ती हानि नुकत्याच जन्मलेल्या बालकांची होय.

नवल असें कीं, त्या विषाणूचा रोख म्हाताऱ्यांवर होता. नवजात बालकें त्याच्या तडाख्यांतून बहुतेक सुखरूप राहिलीं. त्यांचें जें नुकसान झालें तें रोगानें नव्हे, रोगाच्या बंदोबस्तानें.

ज्या बाळास कांहीं एक झालेलें दिसत नाहीं त्याचीच तपासणी करावयाची, ही कल्पना मुळांतच आपल्या मनास चमत्कारिक वाटते. धडधाकट लेकराच्या टांचेंत सुई टोंचावयाची म्हणजे आजीबाईच्या दृष्टीनें अपशकुनच! तथापि या टोंचण्यामागें मोठी करुणा आहे. अमेरिकेंतील बफलो येथील रॉबर्ट गथ्री या संशोधकाच्या स्वतःच्या घरीं एक मतिमंद मुलगा होता, आणि जवळच्या नात्यांतील एका मुलीची बुद्धि फेनिलकीटोन्यूरिया या लांबलचक नांवाच्या विकारानें नासली होती. त्यानें १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अशी युक्ति काढली कीं, बाळाच्या टांचेंतील रक्ताचे चार थेंब टिपकागदावर घ्यावे, ते वाळवावे, आणि तो कागद सरळ पोस्टानें प्रयोगशाळेकडे धाडावा. पुढें त्याच थेंबांवरून थायरॉईड ग्रंथीचा जन्मजात दुबळेपणाही ओळखतां येऊं लागला. आपल्या देशांत सुमारें हजार-अकराशें बालकांमागें एकास हा विकार असतो, असें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें केलेल्या पाहणींत आढळलें आहे. उपाय किती सोपा म्हणाल, तर एक स्वस्त गोळी कुटून रोज पाजावयाची! पहिल्या पंधरवड्यांत ती सुरू झाली तर तें मूल चारचौघांसारखें वाढतें. कांहीं महिने लोटले तर गेलेली बुद्धि मागून कितीही गोळ्या दिल्या तरी परत येत नाहीं. आणि दैवाची थट्टा अशी कीं, असें बाळ फार झोंपतें, क्वचित् रडतें, दूध पितां पितां डुलकी घेतें. घरचीं माणसें म्हणतात, “किती गुणी बाळ आहे हो!”

आमच्या जुन्या बायकांपाशीं बाळंतघराचें एक पंचांग असे. पांचवी, मग सहाव्या रात्रीं सटवाई येऊन कपाळीं लेख लिहिणार, बाराव्या दिवशीं बारसें, आणि सव्वा महिना होईपर्यंत बाळबाळंतिणीनें उंबरा ओलांडावयाचा नाहीं. डॉक्टरांचें पंचांग याच्याशीं विलक्षण जुळतें व विलक्षण भांडतेंही. टांचेंतील रक्त घ्यावयाचें तें दुसऱ्यापासून पांचव्या दिवसापर्यंत, म्हणजे सटवाई येण्याच्या आधीं. महिन्याच्या आंत कानांची परीक्षा, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय. जें बाळ चौतीस आठवडे भरण्यापूर्वींच जन्मलें, अथवा ज्याचें वजन दोन किलोंच्या खालीं आहे, त्याच्या डोळ्यांचा पडदा तीस दिवसांच्या आंत तपासलाच पाहिजे. पडद्यावर रक्तवाहिन्यांची वेडीवांकडी वाढ दिसली तर लेसरचा उपचार दोन-तीन दिवसांत व्हावयास हवा, नाहींतर कायमचें अंधत्व. म्हणजे सव्वा महिन्याचा नियम पाळून उंबरा ओलांडला तोंवर डोळे गेलेले! आम्हां मोठ्या माणसांचे तीस दिवस म्हणजे विजेच्या दोन बिलांमधील अंतर. तान्ह्याचे तीस दिवस हें त्याचें सबंध आयुष्यच असतें.

२५ मार्च २०२० पासून सव्वा महिन्याचा हा नियम सरकारनें एकट्या बाळंतिणीस नव्हे, तर सबंध देशास लावला. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपली चाल. पण जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास ई-पास लागूं लागला, आणि कित्येक मुली सासरीं तरी अडकल्या किंवा माहेरीं पोंचूनही ठरलेल्या डॉक्टरांस मुकल्या. पोस्ट व कुरियर मंदावले, तेव्हां गथ्रीचा टिपकागद तरी कसा जावा? लहान मुलांच्या तपासणीसाठीं २०१३ सालीं आपल्याच पालघरांत ज्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, त्याचीं पथकें अंगणवाड्यांतून व शाळांतून हिंडत. अंगणवाड्या मिटल्या, शाळा मिटल्या; पथकांतील माणसें साथीच्या कामास जुंपलीं गेलीं. कागदावर माता-बालकांची सेवा अत्यावश्यकच होती. पण रुग्णालय हेंच रोगाचें घर झाल्यावर तेथें दुसऱ्या खेपेस जावें कोणीं? गोव्यासारख्या लहान राज्यानें २००८ सालीं नवजातांची रक्ततपासणी हातीं घेतली होती. देशभर सक्तीची अशी ती अजूनही नाहीं. तेव्हां जें मुळांतच थोडें होतें तें आधीं बुडालें, इतकेंच.

आमच्या पुतणीचा मुलगा त्याच एप्रिलांत एका तालुक्याच्या गांवीं जन्मला. तिसऱ्या दिवशीं मायलेकरांस घरीं धाडण्यांत आलें. घरीं जातांना दिलेल्या कार्डावर कानांच्या तपासणीच्या रकान्यांत ‘पुढील भेटींत’ असे दोन शब्द होते. पुढील भेट झाली नाहीं. ती खोली बंद होती, आणि तेथील तपासनीस बाई दुसऱ्या कामावर होत्या. मुलगा बाळसेंदार, हंसरा. पाळण्यावरचें चिमणाळें हाललें कीं तिकडे पाही, म्हणून कोणास शंका आली नाहीं. चिमणाळें दिसतेंही हें कोण ध्यानांत घेतो! सव्वा वर्षाचा झाला तरी शब्द नाहीं. वहिनी म्हणाल्या, “मुलगे उशिराच बोलतात. याचे आजोबा तिसऱ्या वर्षीं बोलूं लागले.” पुतणी एकदां फोनवर म्हणाली, “काका, मी समोर असलें कीं माझ्या तोंडाकडे टक लावून बघतो हो. पाठीमागून हांक मारली कीं जणुं मी घरांतच नाहीं.” बाहेरच्या सर्व माणसांचीं तोंडें तेव्हां फडक्याआड होतीं, ज्याला ओठ हेच कान, त्याला एकट्या आईचेंच बोलणें काय तें दिसत होतें. निदान झालें तेव्हां तो दोन वर्षांस पोंचला होता. आतां यंत्र आहे, शिकवणाऱ्या बाई आहेत, आणि तो बोलतोही. परंतु ‘स’ आणि ‘श’ यांशीं त्याची रोज झटापट चालते, व दमला कीं यंत्र काढून ठेवतो.

२२ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं पांच वाजतां सारा देश थाळ्या बडवीत होता, हें वाचकांस स्मरत असेलच. त्या गजरांतही कांहीं पाळण्यांतील झोंप मोडली नसेल, आणि आयांस वाटलें असेल, बरें झालें, बाळ उठलें नाहीं!

आम्हांस राग येतो तो ‘पुढें ढकलण्याजोगें’ या शब्दाचा. साथीच्या आरंभीं कोणतें काम आज करावयाचें व कोणतें मागाहून, याच्या याद्या झाल्या. त्या करणारीं सारीं थोर वयाचीं माणसें होतीं, आणि त्यांनीं काळ मोजला तो स्वतःच्या मापानें. मोतीबिंदु तीन महिने थांबूं शकतो, हर्निया थांबतो, कवळी तर खुशाल थांबते. तीच ओळ तान्ह्याच्या टांचेस व डोळ्यास लावली गेली. तीं बिचारीं तक्रार तरी काय करणार? शिवाय तपासणी थांबली कीं रोगी सांपडेनासे होतात, आणि दप्तरांत रोग कमी झालासा दिसतो. साथीनें मेलेल्यांची गणती निदान चुकीची तरी होऊं शकली. यांची झालीच नाहीं.

त्या वर्षीं जन्मलेलीं मुलें आतां प्राथमिक शाळेंत आहेत. पथकांच्या गाड्याही पुन्हां हिंडूं लागल्या आहेत, आणि कान-डोळ्यांचा कांहीं दोष राहून गेला असला तर तो त्यांस अजूनही सांपडेल. थायरॉईडनें नेलेलें मात्र सांपडणारें नाहीं. आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेनें परवां आपल्या वर्गांतील एका मुलीचें प्रगतिपुस्तक दाखविलें. ‘शांत स्वभाव. वर्गांत लक्ष नसतें.’ असा शेरा तिनें लिहिला होता. तिची जन्मतारीख आम्ही विचारली. ती मे २०२० मधील निघाली. बाईंनीं तो शेरा खोडला नाहीं. मुलीच्या आईस मात्र दुसऱ्याच दिवशीं बोलावून घेतलें, आणि “हिचे कान व रक्त एकदां तपासून आणा,” असें सांगितलें.