सोनं आणतं कोण?

ज्वालामुखीच्या खडकात सोनं सापडतं म्हटलं, की वितळलेल्या सोन्याचा रस कुठूनतरी वाहत येऊन थिजला असेल असं चित्र मनात उभं राहतं. प्रत्यक्षात ते आणतं पाणी. तापलेलं, सडक्या अंड्यासारखा वास मारणारं पाणी!

जपानच्या क्युशू बेटावर, कागोशिमा प्रांतात, हिशिकारी नावाची खाण आहे. 1981 साली तिथे जमिनीत भोकं पाडून पाहिली तेव्हा सोनं लागलं आणि 1985 पासून खाण सुरू झाली. तिथल्या दगडात टनामागे 30 ते 40 ग्रॅम सोनं निघालं. जगातल्या पुष्कळ खाणी टनामागे पाच ग्रॅमसुद्धा नसताना चालतात. जपानातलीच सादो बेटावरची जुनी खाण 1601 ते 1989 अशी जवळजवळ चार शतकं चालली. तिने दिलं त्याच्या तिपटीच्या आसपास सोनं हिशिकारीने चाळीस वर्षांत दिलं.

आता ते तिथे आलं कसं? खोलवर तप्त शिलारस असतो. त्याच्या उष्णतेने भेगांमधलं पाणी अडीचशे अंशांपर्यंत तापतं, पण वरच्या पाण्याचा दाब एवढा असतो की ते उकळू शकत नाही. प्रेशर कुकरमधलंच शास्त्र. या पाण्यात गंधकाचा वायू विरघळलेला असतो आणि सोनं त्या गंधकाचा हात धरून पाण्यात उतरतं. असं पाणी भेगेतून वर येऊ लागलं की दाब कमी होतो आणि ते एकदम उकळतं. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं तसा वायू निघून जातो. हात धरणारा गेला, की सोनं जिथल्या तिथे खाली बसतं. सोबत गारगोटीही बसते, त्यामुळे भेग बुजते. पुन्हा दाब साठतो, भूकंपाने पुन्हा भेग उघडते, पुन्हा थर. त्या दगडाचा काप पाहिला तर पांढऱ्या पट्ट्यांमध्ये काळ्या रेघा दिसतात. त्या रेघांना जपानी खाणकामगार 'गिन्गुरो' म्हणतात, म्हणजे काळी चांदी. सोनं बहुतेक तिथेच असतं.

न्यूझीलंडमध्ये हे चक्क नळात पाहायला मिळालं. जमिनीतल्या वाफेवर वीज करण्यासाठी खोदलेल्या विहिरींच्या तोंडाशी, जिथे दाब एकदम उतरतो तिथे, धातूच्या तबकड्यांवर सोन्याचं किटण धरलेलं आढळलं. आपल्या गीझरमध्ये क्षार धरतो तसं. (आमच्या गीझरमध्ये मात्र नुसताच क्षार.)

मला यात सगळ्यात भावली ती पाण्याची चिकाटी. पाण्यात सोनं असून असून असतं किती? अब्ज भागांत दहा भाग धरा. म्हणजे एका तोळ्यासाठी, आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी, दहा लाख लिटर पाणी. दुष्काळात आमच्या गल्लीत येतो तसले दहा हजार लिटरचे शंभर टँकर, आणि तेही सोन्याचा कणन् कण खाली बसला तर!

आपल्या सह्याद्रीचा दगडही ज्वालामुखीचाच, पण त्याची जात वेगळी. तो बेसाल्ट, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्यांतही पाण्याने काम केलंय, पण तिथे अकीक आणि स्फटिक घडले. हिशिकारीचं सोनं जेमतेम दहा लाख वर्षांचं, म्हणजे भूगर्भाच्या हिशेबात कालपरवाचं. कोलारचं सोनं तर फारच प्राचीन आणि त्याची घडणही निराळी. असो.

हे सगळं मी एवढ्या चवीने का वाचत बसलो? ही जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या चार पाटल्या लॉकरमध्ये आहेत, प्रत्येकी दोन तोळ्यांच्या. मुलगी एक, सुना दोन. चाराला तिनाने भाग जात नाही. सोनार म्हणाला, "सर, आटवून तीन सारखे भाग करून देतो. घट फार जायची नाही." मोठी सून म्हणाली, "बाबा, दोन ताईंना द्या, आम्ही दोघी एकेक घेऊ." मुलीचं एकच म्हणणं, "आटवू नका. आईच्या हाताचा घाट आहे त्यांना."

आहे खरा. उजव्या हातातली पाटली एका बाजूने जरा चेपलेली आहे, पाटा-वरवंटा करून करून. पण त्यातल्या दोन पाटल्या 1979 साली सासूबाईंची बोरमाळ आटवूनच केल्या होत्या, आणि तेव्हा हीच भट्टीपाशी बसून होती, सोनाराच्या हातावर डोळे लावून. बोरमाळेचा घाट गेला म्हणून ती हळहळल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी पाटल्या घालून भाकऱ्या थापायला बसली होती.

हिशिकारीच्या खाणीत आजही पासष्ट अंशांचं पाणी निघतं. ते सतत उपसावं लागतं, नाहीतर बोगदे बुडतील. त्यातलं काही जवळच्या गावात स्नानगृहांना देतात, लोक त्यात अंग शेकत बसतात.

पाडव्याला तिघीही येणार आहेत. मी काही ठरवलेलं नाही. पाटल्या ताटात ठेवीन आणि बोरमाळेची गोष्ट सांगीन, सुनांना ती ठाऊक नाही. त्या दिवशी बँक बंद असेल, तेव्हा लॉकर आधीच उघडून घ्यायला हवा.