वीतभर मातीचे दिवस

आषाढ लागला की हरसूलच्या डोंगरांवर पाऊस मुक्कामालाच येतो. वाघेऱ्याचा किल्ला दिवसदिवस ढगात बुडालेला असतो, खाचरांचे बांध फुटायला येतात आणि चिखलात वाकून आवणी करणाऱ्या बायांच्या पाठीवरची इरली, प्लास्टिकचे कागद तेवढे हलताना दिसतात. त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या या भागात वर्षाला २००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. ब्रह्मगिरीवरून गोदावरी पूर्वेच्या समुद्राकडे निघते. हरसूलकडचे ओहोळ मात्र पश्चिमेला, दमणगंगेच्या दिशेने उतरतात आणि त्यांचे पाणी पुढे गुजरातच्या हद्दीत मधुबन धरणाला जाऊन मिळते. याच मुलखात चैत्रात बाया हंडे घेऊन दरी उतरतात. खरशेतच्या शेंद्रीपाड्यावर तास नदीच्या दरडीवर लाकडी बल्ल्या टाकून त्यावरून पाणी आणणाऱ्या बाया साऱ्या महाराष्ट्राने छायाचित्रांत पाहिल्या. जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल झाला, आणि त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहून गेला. पाण्यासाठी बांधलेला पूल सहा महिन्यांत पाण्यानेच नेला. हरसूलचा पाऊस समजून घ्यायचा तर एवढी एक घटना पुरे आहे.

पाऊस किती पडला हे सांगणारी यंत्रे आता महसूल मंडळापर्यंत आली. मला ध्यास आहे तो पुढच्या प्रश्नाचा. पडला त्यातला मातीत किती राहिला, आणि राहिला तो किती दिवस पुरेल? मातीतल्या पाण्याची गणिते मांडण्यात माझी बरीच वर्षे गेली. ही गणिते फार सुंदर आहेत, हे मला आधी सांगितले पाहिजे. लॉरेन्झो रिचर्ड्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३१ साली एक समीकरण लिहिले. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी कसे ओढले जाते, जड होऊन खाली कसे उतरते, माती सुकत गेली की तीच माती पाण्याला कशी घट्ट धरून ठेवते आणि वाहू देत नाही, हे सारे त्या एका ओळीत आहे. अडचण एवढीच की ते सोडवायला मातीचे गुणधर्म दर थराला मोजावे लागतात. १९८० साली व्हान गेनुख्तेन यांनी त्या गुणधर्मांची वक्ररेषा बसवायचे सूत्र दिले, त्यातही चार-पाच आकडे दर मातीसाठी शोधावे लागतात. प्रयोगशाळेत ते मिळतात. हरसूलच्या उतारावर दहा पावलांत माती बदलते, तिथे ते कोण मोजणार आणि किती ठिकाणी?

म्हणून शेतीच्या अभ्यासकांनी केव्हाच एक सोपी वाट काढली. माती म्हणजे एक बादली समजायची. पाऊस वरून पडतो, भरली की जास्तीचे सांडते किंवा तळातून झिरपते, आणि पीक रोज थोडे थोडे पिऊन ती रिकामी करते. अन्न व कृषी संघटनेची १९९८ सालची ५६ क्रमांकाची पुस्तिका जगभर वापरली जाते, तिच्या हिशोबाचा गाभा हाच आहे. बादली किती मोठी, रोज किती उपसा, आणि किती रिकामी झाली की पिकाला ताण बसतो, हे तीन आकडे कळले की काम भागते.

हे तीन आकडे घेऊन हरसूलच्या माळावर उभे राहिले की पोटात कालवते. वरच्या नागलीच्या शेतात माती जेमतेम दीड वीत, खाली मुरूम, त्याखाली कातळ. असली मुरमाड माती सेंटिमीटरमागे साधारण एक मिलिमीटर पाणी पिकाला देऊ शकते, म्हणजे सगळी मिळून तीस-बत्तीस मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४००० लिटर. तेव्हा त्या एका एकरावर वर्षभरात ८० लाख लिटर पाणी कोसळते, आणि एका वेळी माती धरून ठेवते ती सव्वा लाख लिटर. श्रावणात पावसाने ओढ दिली की तेवढ्यावर नागली जगायची. रोजचा तीन-चार मिलिमीटर उपसा धरला आणि निम्मी ओल गेली की ताण सुरू होतो असे मानले, तर चौथ्या-पाचव्या दिवशी पाने सुरळी करू लागतात. आठवडाभरापूर्वी ज्या शेतातून पाणी लोंढ्याने वाहत होते, त्याच शेतात! विदर्भातल्या मीटरभर खोल काळ्या जमिनीला हेच ऊन दोन आठवडे जाणवतही नाही. दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मराठवाडा येतो. हरसूलचा हा चार-पाच दिवसांचा दुष्काळ कुठल्या आणेवारीत नीट दिसत नाही, आणि त्याचा सल मला फार आहे.

एका पाड्यावर एका मावशींबरोबर त्यांची जमीन पाहत फिरत होतो. वर माळावर नागली आणि वरई, मधल्या पट्ट्यात छोटी खाचरे, खाली ओहोळाकाठी दोन मोठी खाचरे. त्यांच्या हातात पहार होती. जिथे मी विचारीन तिथे त्या पहार ठोकत, आणि आवाजावरूनच सांगत की इथे दीड वीत, इथे कोपरभर, इथे पहार बुडेल. खालच्या खाचराशी मी वरच्या पावसाचा हिशोब सांगू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, याला पाणी आभाळातून कमी अन् डोंगरातून जास्त." उघडीप पडून पाच-सहा दिवस झाले होते, वरची ढेकळे पांढरी पडली होती, आणि त्या खाचराच्या वरच्या बांधातून बारीक जिरपणी अजून चालू होती.

बादलीच्या हिशोबात ही जिरपणी नसते. त्यात पाणी फक्त वरून येते आणि खाली किंवा वर जाते. सपाट मुलखात आडवे चालणारे पाणी सोडून दिले तर फार बिघडत नाही, म्हणूनच ते सोडायची रीत पडली. हरसूलच्या उतारावर तेच सोडले तर तळातल्या भाताचा सगळा प्राणच हिशोबातून निघून जातो. एखादे गणित सोपे करताना कशाला फाटा द्यायचा हे एकदा ठरवून सगळीकडे वापरता येत नाही. ते त्या त्या जागी, त्या जमिनीवर उभे राहून ठरवावे लागते, आणि ज्याचे पीक आहे त्याच्या सोबतीने. माझ्या सगळ्या वर्षांच्या कामातून मला पटलेली गोष्ट ही आहे. गणित चुकले तर माझा एक आलेख चुकतो. मावशींच्या घरची वर्षाची नागली जाते. चुकीचा भार ज्याच्यावर पडणार, त्याला सोपे करण्याच्या कामात सर्वांत आधी बसवले पाहिजे.

आपल्या राज्यात या वाटेने पुष्कळ काम झाले आहे आणि ते आदराने सांगावे असे आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या आकारावर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचे, आणि उसाला द्यायचे नाही. पाणलोटाचा सगळा हिशोब दोन नियमांत बसवला होता. हिवरे बाजारला पर्जन्यमापकातला आकडा ग्रामसभेत मांडला जातो आणि रब्बीला काय पेरायचे ते त्यावरून ठरते. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मुंबईच्या आयआयटीने गावागावासाठी पाण्याच्या ताळेबंदाचे प्रारूप केले. पाऊस, माती, उतार, पीक यांची माहिती घेऊन ते रोज किती वाहिले, किती मुरले, मातीत किती उरले आणि पिकाला किती कमी पडले ते मांडते. प्रामुख्याने मराठवाडा-विदर्भातल्या अवर्षणप्रवण गावांसाठी ते झाले आणि गावकऱ्यांपुढे आकडे ठेवून पाण्याची चर्चा होऊ लागली, ही मोठी गोष्ट आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने सिंचनाच्या पाळ्या सांगणारे मोबाइल अॅप काढले. नाशिकच्या द्राक्षबागांत तर आता ओलीचे संवेदक मुळांशी पुरलेले असतात.

पण मला सर्वांत भावतात ती आकडाच नसलेली साधने. ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड स्टिर्झाकर यांनी आफ्रिकेतल्या लहान शेतकऱ्यांसाठी ओल दाखवणारे एक उपकरण केले. निळा दिवा म्हणजे भरपूर ओल, हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे कोरडे. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेनेही असेच रंगीत दिव्यांचे यंत्र काढले. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तर एका भोके पाडलेल्या नळीवर सारे आणून ठेवले. नळी खाचरात रोवायची, आत डोकवायचे. पाणी चिखलाच्या पातळीखाली १५ सेंटिमीटर गेले की मग पाणी द्यायचे, फुलोऱ्याचे दिवस सोडले तर तोवर भाताला काही होत नाही. रिचर्ड्सचे समीकरण त्या नळीतही आहे, फक्त ते डोकावणाऱ्याला दिसावे लागत नाही. हरसूलला बांबूची काय कमी? नळी बांबूचीही चालेल.

आणि इथल्या शेतकऱ्यांकडे तर पिढ्यान्‌पिढ्या घासून तयार झालेले एक प्रारूप आहेच. वरच्या उथळ खाचरात हळवा भात, मध्ये निमगरवा, तळात गरवा. हळवा लवकर पोसतो, उत्तरा नक्षत्रानंतर पाऊस आटला तरी हाती लागतो. गरव्याला हस्ताचा पाऊस हवा, आणि तो नाही आला तरी तळातल्या खाचराला जिरपणीचा आधार असतो. माळावर नागली-वरई, अगदी हलक्या ठिकाणी खुरासणी. भात निघाल्यावर तळातल्या ओलीवर हरभरा, मसूर. बादलीचा आकार, उपसा, आडवे पाणी, पावसाच्या खंडाची शक्यता, सगळे यात आहे. महादेव कोळी, कोकणा, वारली घरांतल्या माणसांनी हे कुणाला पुस्तिका न दाखवता बसवले आहे. जमीन वाफशावर आली की नाही हे त्यांना मूठभर माती दाबून कळते, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मार्गदर्शिकेतही हाताने माती दाबून ओल ओळखायची पद्धत दिलेली आहे.

मग आमच्यासारख्यांनी काय आणावे? जे या ज्ञानात आज कमी पडते तेवढेच. नक्षत्रांचा भरवसा पूर्वीसारखा राहिला नाही, पावसाचे खंड अवेळी पडू लागले. इगतपुरीहून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा कृषी सल्ला निघतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. त्या अंदाजाला जोडायला शेताच्या बाजूने एक आकडा हवा, आणि तो दिवसांत हवा. मिलिमीटर कुणी खाऊ शकत नाही. मी केलेला हिशोब असा आहे. मुरमाड जमिनीत एक वीत मातीला तीन दिवस, चिकण मातीला सहा. शेवटच्या चांगल्या पावसानंतर तेवढे दिवस पीक निर्धास्त, पुढे ताण. दोन वीत मुरमाड असेल तर सहा दिवस, दोन वीत चिकण असेल तर बारा. ढगाळ असेल तर एक-दोन दिवस वाढवावे, कडक ऊन असेल तर कमी करावे. भाताला हा नियम लावू नये, त्याला नळी. आणि ज्या शेताच्या वरच्या बांधातून जिरपणी चालू आहे, तिथे ती थांबेल त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करावी. ही शेवटची ओळ मावशींची आहे. एवढ्यावर ठरते की शेततळ्यातले थोडे पाणी आज वरच्या पट्ट्याला चढवायचे की शुक्रवारच्या अंदाजाची वाट पाहायची. डिझेलला पैसे लागतात, त्यामुळे हा दोन दिवसांचा निर्णय लहान नाही.

हे नियम कच्चे आहेत, पण ते तपासता येतात, आणि ते तपासायला माझी गरज लागत नाही, हे मला त्यांचे मोठे बळ वाटते. एखाद्या शेतात तीनऐवजी दोनच दिवस निघाले तर शेतकरी आपल्या आकड्यात दोन लिहील. संगणकातल्या प्रारूपात तो असा हात घालू शकत नाही.

वीत मोजायचे काम मात्र पहारीशिवाय होणार नाही. मातीचे नकाशे आहेत, पण त्यांत एकेका रंगाखाली कितीतरी पाडे झाकले जातात. हवामान केंद्र महसूल मंडळाला एक असते, आणि घाटमाथ्यावरचा पाऊस घाटाखालच्या पाड्याला लागू पडतोच असे नाही. सर्वांत वाईट स्थिती फॉरेस्ट प्लॉटांची. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनेक कुटुंबांना डोंगरउतारावरची कसती जमीन नावावर मिळाली, पण नकाशात ती वनजमीन म्हणूनच रंगवलेली असते. नकाशावर विसंबून चालणारे गणित मग तिथे साग धरून बसते, जिथे प्रत्यक्षात वीतभर मातीत नागली उभी आहे. ज्यांची बादली सर्वांत लहान, त्यांचीच शेते गणिताबाहेर.

म्हणून मला येत्या उन्हाळ्यात, राब भाजायच्या दिवसांत, माती कोरडी आणि माणसे घरी असताना, आधी हे प्लॉट मोजायचे आहेत. दर प्लॉटला वरच्या कडेला, मध्ये आणि खालच्या बांधाला, अशा तीन ठिकाणी पहार ठोकायची, वीत मोजायची, मुरूम की चिकण ते पाहायचे आणि पावसानंतर जिरपणी साधारण किती दिवस चालते ते घरातल्या बाईला विचारायचे. ते आकडे घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिले तरी चालतील. मृगाच्या आत भिंतीवर आकडे हवेत.