एवढे महाग, तरी इथेच का?

गेल्या शाबान महिन्यात दापोली तालुक्यातल्या आमच्या गावाहून मोठ्या चाचांचा फोन आला. सलाम-दुआ झाली, तब्येतीची विचारपूस झाली, आंब्याला मोहोर कसा आहे तेही झाले. मग चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "तेरा वर्षं झाली तुम्हाला तिथं. अजून भाड्याच्याच घरात? एवढं महाग आहे तर राहता तरी कशाला? ऊन आणि दर्या काय आपल्या कोकणात नाही?"

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. चाचांना राग यावा असे उत्तर द्यायचे नव्हते आणि खरे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते. "इन्शाअल्लाह बघू" म्हणून फोन ठेवला. पण त्या प्रश्नाने आम्हाला काही महिने सोडले नाही, कारण त्याच दिवसांत आमच्यासमोर इथून निघून जाण्याची संधीही आली होती. त्याचीच ही हकीकत.

आम्ही राहतो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या खाली असलेल्या ऑरेंज काउंटीत. नावाप्रमाणे हा एकेकाळी संत्र्यांचा मुलूख. १८८९ साली हा जिल्हा लॉस एंजेलिसपासून वेगळा झाला. त्याच्या थोडे आधी रेल्वे इथवर पोहोचली होती आणि रेल्वेबरोबर थंडीने गारठलेल्या पूर्वेकडची माणसेही येऊ लागली. क्षयाच्या रोग्यांना डॉक्टर इथल्या कोरड्या, उबदार हवेत पाठवत. संत्र्यांच्या पेट्यांवरच्या रंगीत चित्रांनी बाकीची जाहिरात केली. आज त्या बागा जवळजवळ राहिल्याच नाहीत. १९५५ साली अ‍ॅनाहाइममध्ये डिस्नेलँड उभे राहिले तेही संत्र्यांची झाडे तोडूनच. बागा गेल्या, ऊन राहिले, आणि त्या उन्हाच्या नावावर जमिनीचे भाव चढत गेले.

इथल्या हवेबद्दल जे सांगतात ते खोटे नाही. उत्तरेकडून येणारा समुद्राचा थंड प्रवाह किनारा उन्हाळ्यातही तापू देत नाही. आमच्याकडे पंचवीस-सव्वीस अंश असतात तेव्हा तासाभरावर आत, डोंगरापलीकडच्या रिव्हरसाइडला अडतीस असतात. पाऊस वर्षाकाठी तीनशे-साडेतीनशे मिलिमीटर, तोही हिवाळ्यात. कोकणात तीन हजारांवर पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला हा पाऊस वाटतच नाही. मे-जूनमध्ये समुद्रावरून धुके येऊन सकाळभर आभाळ झाकते, एवढीच काय ती उन्हाची सुट्टी. ईदची नमाज बागेत किंवा मोकळ्या मैदानात ठरवली, तर पावसाने घोळ होईल ही धास्ती सहसा नसते. अम्मा इथे आल्या होत्या तेव्हा त्यांचे गुडघे बरेच हलके झाले होते. रोज असरनंतर त्या पायी चक्कर मारत.

पण या हवेची किंमत? काउंटीत मध्यम घराचा भाव दहा लाख डॉलरच्या वर गेला आहे. आमच्या दोन खोल्यांच्या घराचे भाडे अडीच हजार डॉलरच्या पुढे आहे. आमच्यापैकी एकजण दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो, दुसरी शाळेत मदतनीस आहे. एकाचा जवळजवळ सगळा पगार भाड्यातच जातो.

घरे एवढी महाग का, हे समजायला आम्हाला वेळ लागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये जमीन मोजकीच. नवीन बांधकामावर नियमांची गर्दी. शिवाय १९७८ साली इथल्या मतदारांनी असा कायदा मंजूर केला की घरपट्टी खरेदीच्या किमतीच्या साधारण एक टक्का आणि त्या किमतीत वर्षाला फार तर दोन टक्के वाढ धरायची. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी घर घेतलेले आमचे शेजारी आजोबा नाममात्र पट्टी भरतात आणि घर सोडायचा विचारही करत नाहीत. नव्याने घेणाऱ्याने मात्र आजच्या भावाने पट्टी भरायची. म्हणजे आधी आलेला सावलीत, नंतर आलेला उन्हात.

आता व्याजाचे. चाचांना वाटते आम्ही पैसे उडवतो, म्हणून घर नाही. हिशेब असा आहे. दहा लाखांच्या घरासाठी दोन लाख रोख भरले आणि आठ लाख तीस वर्षांच्या कर्जाने सात टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता पाच हजार तीनशेच्या वर जातो. तीस वर्षांत भरायचे एकोणीस लाखांहून जास्त. त्यातले अकरा लाख निव्वळ व्याज. मुद्दलापेक्षा व्याज मोठे! अल्लाह तआलाने व्याज का हराम केले, हे इथे कागद-पेन्सिल घेऊन बसले की लहान मुलालाही कळते.

आमच्या ओळखीच्या काही कुटुंबांनी नाइलाज म्हणून असे कर्ज घेतले आहे. परदेशात राहणाऱ्या मुसलमानांची गरज पाहून त्याला सशर्त मुभा देणारे उलमाही आहेत. युरोपातल्या उलमांच्या एका परिषदेने १९९९ साली तसे मत दिले होते. बाकीच्या अनेकांना ते मान्य नाही. आम्ही कुणाला दोष देत नाही. पण आमचे मन तयार झाले नाही. दुसरा मार्ग भागीदारीचा. संस्था आणि आपण मिळून घर घ्यायचे, आपण तिच्या हिश्श्याचे भाडे द्यायचे आणि तिचा हिस्सा हळूहळू विकत घ्यायचा. अशा संस्था इथे बऱ्याच वर्षांपासून आहेत. पण तिथेही आधी मोठी रक्कम लागते आणि महिन्याचा भार काही हलका होत नाही. आमची बचत तिथवर पोहोचली नाही. म्हणून भाड्याचे घर.

त्यात जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगी लागल्या. डोंगराकडून सुटणारे कोरडे, वेगवान वारे आम्ही दर वर्षी बघतो. पण त्या आठवड्यात सोळा हजारांहून जास्त इमारती गेल्या. अल्टाडीना गावातली मस्जिद अत-तक्वाही जळाली. धुराचा वास आमच्यापर्यंत येत होता. आमच्या मस्जिदीत कपडे, चादरी, पाण्याच्या बाटल्या गोळा झाल्या. त्या वर्गीकरण करताना आमच्या तेरा वर्षांच्या मुलीने विचारले, "या लोकांचा विमा असेल ना?" असेलही, नसेलही. बऱ्याच विमा कंपन्यांनी डोंगराळ भागातल्या घरांचा विमा नाकारायला आधीच सुरुवात केली होती. ज्या उन्हासाठी माणसे इथे येतात तेच ऊन डोंगर वाळवते, हे त्या आठवड्यात सगळ्यांना दिसले.

अशात टेक्सास राज्यातून नोकरी चालून आली. पगार जवळपास तोच, पण राज्याचा आयकर नाही आणि घर इथल्या निम्म्याहून कमी किमतीत. आम्ही जाऊन पाहून आलो. चार खोल्या, मागे अंगण, जवळ मस्जिद, हलालची दुकाने. भागीदारीच्या मार्गाने ते घर आमच्या आवाक्यात होते. मुलीला स्वतःची खोली मिळाली असती. गेल्या काही वर्षांत कॅलिफोर्निया सोडून तिकडे लाखो लोक गेले आहेत आणि ते वेडे नाहीत.

मग आम्ही का अडलो?

त्याला एक कारण होते, ते आम्ही दोघे मोठ्याने बोलत नव्हतो. मरहूम अब्बा इथे दफन आहेत. २०१८ च्या हिवाळ्यात ते आणि अम्मा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे अब्बांना हृदयविकाराचा झटका आला. आम्हाला त्या वेळी इथे येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. मय्यतीचे काय करायचे, कुणाला फोन करायचा, काहीच माहीत नव्हते. मस्जिदीत कळवले. दुपारपर्यंत गुस्ल आणि कफनाची व्यवस्था करणारे आले. कब्रस्तानच्या मुस्लिम विभागात जागा मिळवून देणारे आले. तिची किंमत आमच्या दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त होती. त्यातली निम्मी कुणी भरली ते आजतागायत आम्हाला कळलेले नाही. दुसऱ्या दिवशी जनाज्याला चाळीसेक माणसे होती. सीरियाचे, अफगाणिस्तानचे, हैदराबादचे, इंडोनेशियाचे. अब्बांना त्यांच्यातल्या कुणी पाहिलेही नव्हते. कोकणातल्या एका माणसाच्या कबरीवर त्यांनी ओंजळीने माती टाकली. या किनाऱ्यावर आम्ही विकत घेतलेली जमीन आजवर तेवढीच.

टेक्सासचा निर्णय द्यायला आठ दिवस उरले तेव्हा आम्ही अम्मांना फोन केला. इथली फज्र आणि गावची मगरिब जवळजवळ एकाच वेळी येते, म्हणून आमचे फोन त्याच वेळी होतात. आम्ही आडून आडून बोलत होतो. अम्मांनी ते लगेच ओळखले.

"अब्बांसाठी थांबला असाल तर थांबू नका," त्या म्हणाल्या. "दुआ कुठूनही पोहोचते. मी इथून रोज करते, ती पोहोचत नाही का? कबरीची राखण करायला तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तिथं जिवंत माणसांचं काय आहे ते बघून ठरवा."

अम्मांनी आमचे ओझे उतरवले, पण पळवाटही काढून घेतली. आता इथे राहायचे तर दुसरे काहीतरी खरे कारण हवे होते.

आम्ही एका रात्री कागद घेऊन बसलो. डाव्या बाजूला जायची कारणे लिहिली, ती दहा झाली. उजव्या बाजूला पहिले लिहिले, "हवा". मग ते खोडले. कारण हवा तर गावालाही आहे. आमच्या गावात खाडीकाठाला आखाती पैशांतून उठलेले बंगले आहेत. समोर समुद्र, वर ऊन, पुढे अंगण. त्यांतले अर्धे कुलूपबंद आहेत. चाचांचा सवाल बरोबर होता, ऊन आणि दर्या कोकणात आहेच. पण तिथे रोजगार नाही म्हणून माणसे नाहीत, आणि माणसे नाहीत म्हणून बंगल्यांना कुलपे. त्या रात्री आम्हाला पहिल्यांदा नीट कळले की इथे भाव नुसत्या उन्हाला येत नाही. उन्हाबरोबर काम, शाळा, दवाखाने आणि माणसे एका जागी आहेत, त्याला येतो.

मग आम्ही माणसांची नावे लिहिली. गार्डन ग्रोव्हची इस्लामिक सोसायटी १९७६ पासून आहे, तिथे रविवारी मुलीच्या वर्गात बारा देशांची मुले बसतात. ब्रुकहर्स्ट रस्त्यावरच्या अरबी दुकानांच्या वस्तीला अ‍ॅनाहाइम शहराने २०२२ मध्ये 'लिटल अरेबिया' म्हणून अधिकृत मान्यता दिली. तिथला फिलिस्तिनी बेकरीवाला आमच्या मुलीला नावाने हाक मारतो. व्हिएतनामी बाजारात पापलेट मिळते आणि मासळी साफ करणारी बाई आमच्यासाठी डोकी बाजूला ठेवते, कारण कालवणाला आम्हाला ती लागतात हे तिला ठाऊक आहे. आणि समुद्रकिनारा! इथल्या कायद्याने भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची आहे. कोट्यवधींच्या बंगल्यासमोर चटई टाकून आम्ही इफ्तार केला आहे, कुणी उठवले नाही.

टेक्सासला हे सगळे मिळाले नसते असे नाही. तिथेही मस्जिदी आहेत, तिथेही अल्लाहचे बंदे आहेत. पण ओळख व्हायला वर्षे लागतात. शेवटी आम्ही उजव्या बाजूला एवढेच लिहिले, "आता बोलावणे आम्हाला येते." कुणा अनोळखी माणसाचा बाप वारला की मस्जिदीतून आमच्यापैकी एकाला गुस्लसाठी फोन येतो. गेल्या सात वर्षांत असे किती वेळा गेलो ते मोजलेले नाही. ज्या रांगेत त्या दिवशी चाळीस जण उभे होते, त्या रांगेत आता आम्ही आहोत.

आम्ही टेक्सासला नकार कळवला. हा निर्णय शहाणपणाचा आहे असा आमचा दावा नाही. मुलगी दोन दिवस रुसली, तिची खोली गेली म्हणून. त्या रुसव्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. घरासाठी बाजूला टाकत होतो त्या पैशांतून आता दर वर्षी आमच्यापैकी एकजण महिनाभर अम्मांजवळ जाऊन राहतो. घर आणखी लांबले. पण घराआधी अम्मांचा हक्क आहे, आणि तो आम्ही इतकी वर्षे फोनवर भागवत होतो. उन्हाची खरी किंमत आम्ही भाड्यात भरत नव्हतो, अम्मांच्या वाट्याच्या दिवसांतून भरत होतो.

ज्यांची मुले-मुली परदेशी आहेत किंवा निघाली आहेत, त्या वाचकांना एवढीच विनंती. त्यांना पगार विचारा, भाडे विचारा, व्याजाबद्दलही विचारा. पण घर बांधले का, हे सगळ्यात शेवटी विचारा. रात्री-अपरात्री तिथे तुमच्या दाराशी कोण येईल, आणि तुम्ही कुणाच्या दाराशी जाल, हे आधी विचारा.

चाचांना आम्ही रमजानमध्ये फोन करून हे सगळे सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरं. या वर्षी कोण येतंय ते सांगा, म्हणजे खोली झाडून ठेवतो."

अल्लाह तआला मरहूम अब्बांची मगफिरत करो, अम्मांना आफियत देवो आणि आम्हा सगळ्यांना हलाल रिज्कवर राजी राहण्याची तौफीक देवो. आमीन.