चांदाची तारीख आणि खाडीचे पाणी

आमच्या मोहल्ल्यात चांदाची तारीख ठाऊक नाही असा माणूस सापडणार नाही. शाबानची पंधरावी कधी, रमजानचा चांद एकोणतिसाव्या संध्याकाळी दिसणार की तीस पुरे होणार, ग्यारहवीची नियाज कोणत्या वारी येते, याची चर्चा मशिदीच्या पायरीवर बारा महिने चालू असते. कॅलेंडरवरचा बारीक हिजरी आकडा आमच्या बायका चष्म्याशिवाय वाचतात. पण त्या आकड्यावरून खाडीला पाणी किती वाजता भरेल हे सांगता येते, ही गोष्ट आम्हां भावंडांना चाळिशी उलटल्यावर, होडी विकत घेतल्यावर कळली.

आम्ही वाशिष्ठीच्या काठचे. ही नदी चिपळूणवरून खाली येते आणि दाभोळ व अंजनवेल यांच्यामधून समुद्राला मिळते. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे कोकणातले मोठे बंदर होते. अरबस्तान-इराणकडची गलबते इथे लागत. धक्क्याजवळची शाही मशीद अजून उभी आहे. आमचे पणजोबा पडावावर होते, आजोबा बोटीवर गेले, वडील आखातात, त्यांच्यामागून आम्ही. प्रत्येक पिढी या खाडीपासून एक पाऊल दूर गेली आणि त्याला आम्ही प्रगती म्हटले. ती होतीही, पडावाच्या कमाईत आमची शाळा झाली नसती. परत आलो तेव्हा गाठीला थोडा पैसा होता आणि दारासमोर खाडी होती. आउटबोर्ड इंजिनाची अठरा फुटी फायबरची होडी आणली. मोटारसायकल येते त्याला इंजिन चालवता येते. पाण्याचे तसे नाही.

पाणी शिकवायला मोहल्ल्यात एकच माणूस उरला होता. दालदी मच्छीमारांपैकी, वय ऐंशीच्या पुढे. सगळे त्यांना तांडेलचाचा म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या नव्या होडीकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "अमावास्येनंतर दोन दिवसांनी सुकतीला या. पायी. चपला घालून येऊ नका."

उधाणाच्या दिवसांत भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटीही खाली उतरते. एरवी कंबरभर पाण्याखाली असणारे वाळूचे दांडे त्या तास-दोन तासांत उघडे पडतात. चाचा काठावरच्या दगडावर बसून काठीने दाखवत, आणि आम्ही जिथे होडी चालवायची तिथे चालत होतो. कुठे रेव, कुठे चिखल, कुठे बुडालेल्या खांबाचे टोक. शिंपल्या वेचणाऱ्या बाया आमच्या आधीच तिथे पोचलेल्या होत्या. खरे शिक्षण त्यांच्याकडून झाले. "इथून पाय टाकू नका भाऊ, मांडीपर्यंत जाल," असे एकीने सांगितले ती जागा वरून तंतोतंत बाजूच्या वाळूसारखीच दिसत होती. या बायांना कोणी तांडेल म्हणत नाही. पण खाडीचा तळ त्यांच्या तळपायांना जेवढा माहीत आहे तेवढा तो आमच्याकडच्या कुठल्याही नाखव्याला नसेल.

मग हिशेब. कोकणात जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. एकदा सकाळी, एकदा रात्री, आणि दोन भरत्यांच्या मध्ये, साधारण सव्वासहा तासांनी, ओहोटी. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येतो, त्याच्यामागून पाणी येते. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे. तोंडी हिशेबाला सोपे म्हणून हा आकडा धरलेला. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येपर्यंत पाणी आडाख्याच्या अर्धा-पाऊण तास मागे पडते, हेही जुन्या लोकांना माहीत होते.

आमच्या घरांत तिथी नसते, चांद असतो. दोन्ही चंद्राचेच, पण एक नव्हेत. अमावास्या संपल्यावर लगेच तिथी सुरू होते. चांद मात्र डोळ्यांना दिसल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणून चांदाची तारीख तिथीच्या मागे राहते. किती मागे? याचे चाचांचे उत्तर आम्हांला फार आवडले. पहिला चांद केसासारखा बारीक, क्षितिजालगत दिसून पटकन बुडाला असेल, तर त्या महिन्यात तारखेत एक मिळवायचा. वर दिसला, जाड दिसला, बराच वेळ राहिला, तर दोन. म्हणजे चांदरात ही केवळ ईदची खबर नव्हती, ती पुढच्या महिनाभराची सोय होती. चांद बघायला गच्चीवर गेलेला तांडेल त्याची जाडीही बघून येई. आणि एक गोष्ट: मगरिबनंतर आपली तारीख बदलते, पाण्याची बदलत नाही. रात्रीच्या फेरीला दिवसाचीच तारीख धरायची.

सूरह बकरामध्ये नव्या चांदांबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर आले आहे, की ते लोकांसाठी आणि हजसाठी वेळेची मोजमापे आहेत. आमच्या वाझांत हजवर पुष्कळ बोलले जाते. लोकांच्या वेळेबद्दल बोलताना आम्ही कोणाला ऐकले नाही. पंधराव्या शतकातला प्रसिद्ध नाखुदा अहमद इब्न माजिद ज्या रास अल खैमाच्या भूमीतला, तिथे आमच्यापैकी कित्येकांनी नोकऱ्या केल्या. त्याचे नावही तिथे आमच्या कानी पडले नाही.

एक-दोन आकड्यांचा फरक तो काय, असे वाटेल. 2021 साली बकरीद 21 जुलैला झाली. दुसऱ्या दिवशी, 22 जुलैला, चिपळूण बुडाले. चांद अकरावा होता, तिथी त्रयोदशी. नुसत्या चांदाच्या आकड्याने भरती सव्वाआठला येते. दोन मिळवले की पावणेदहाला. मधला दीड तास माळ्यावर चढायचे की थांबायचे हे ठरवणारा. त्या पहाटे फजरला आमच्या गावातून चिपळूणच्या नातेवाइकांना फोन लागत होते, आणि पाणी कधी उतरेल एवढे एकच ते विचारत होते. चाचा म्हणाले, दहाच्या आत उतरायला लागणारसुद्धा नाही, मुलांना वर न्या. पुराला कारणे अनेक होती, त्यांवर पुढे वादही झाले. भरतीने पूर आणला असे कोणी म्हणणार नाही. पाणी त्या दिवशी दहानंतरही उतरले नाही, कारण पावसाचा हिशेब चांदात नसतो. पण मुले वर गेली होती.

आता हे सगळे मोबाईलवर मिळते. आम्ही तेही वापरतो. आमचे मामू मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी नकाशा वाचायला शिकवला: नकाशावरची खोली जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीची असते, तीत त्या वेळची भरती मिळवायची. उतारही सारख्या वेगाने होत नाही. त्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी जाते. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, आमच्याकडे दोन-अडीच मीटर. पण उथळ खाडीला तेवढे पुष्कळ झाले. म्हणून उथळात शिरायचे ते चढत्या पाण्यावर. चढत्या पाण्यात होडी टेकली तर दहा मिनिटांत ते तिला उचलते. उतरत्यात टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच दुपार काढावी लागते. मुखाशी दुपारनंतर जायचे नाही. पश्चिमेचा वारा आत येत असतो, ओहोटी बाहेर जात असते, आणि दोघांच्या झोंबीत उथळावर लाटा उभ्या राहतात. हे मोबाईलवरच्या तक्त्यात नसते.

खुणाही नसतात. आमच्या गावासमोरचा खोल पाण्याचा पट्टा अरुंद आहे. मशिदीचा पांढरा घुमट आणि मागच्या टेकडीवरचे आंब्याचे झाड एका रेषेत ठेवले की होडी त्या पट्ट्यात राहते. घुमट डावीकडे सरकला, की तुम्ही वाळूकडे निघालात. काही वर्षांपूर्वी मशिदीची दुरुस्ती निघाली. आखातातल्या मंडळींनी वर्गणी पाठवली, आणि घुमटाला हिरवा रंग द्यायचे जमातीत ठरले. चाचा कधी बैठकीला जात नसत, त्या दिवशी गेले. हिरव्या झाडीपुढे हिरवा घुमट खाडीतून दिसणार नाही, एवढेच बोलले. एका तरुणाने विचारले, आता होड्या चालवतो कोण? त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी तडजोड निघाली. आज रस्त्याने येणाऱ्याला आमचा घुमट हिरवा दिसतो. खाडीकडची बाजू पांढरी आहे, आणि दर शाबानमध्ये तिला चुना लागतो.

गेल्या पावसाळ्यात दांडा सरकला. घुमट आणि आंबा यांची रेघ आता वाळूच्या कडेवरून जाते. नवी रेघ शोधायची आहे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ कमी असते. तेव्हा होडी हळू नेऊन दर काही हातांवर बांबूने तळ मोजायचा आणि काठावर दोन नव्या खुणा धरायच्या. चाचांना आता पलीकडचा काठ दिसत नाही. शिंपल्या वेचणाऱ्या बायांपैकी एकीला आम्ही होडीत घेणार आहोत. ती तयार आहे, पण होडीत कधी बसली नसल्याने तिची अट आहे की इंजिन बंद ठेवायचे, वल्ह्याने न्यायची.