न्यातपोलच्या पायऱ्यांवर

भक्तपूरला गेलात, तर पहिल्या सकाळी मार्गदर्शक-पुस्तक मिटून ठेवा आणि खुशाल न्यातपोलच्या पायऱ्यांवर बसा. १७०२ सालचे हे पाचमजली देऊळ. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना राखणदारांच्या जोड्या: तळाशी मल्ल, मग हत्ती, सिंह, शार्दूल आणि सर्वांत वर दोन देवता. मल्ल सामान्य माणसाच्या दहापट बलवान आणि वरची प्रत्येक जोडी खालचीच्या दहापट, असे गावकरी सांगतात. १९३४ च्या भूकंपातून हे देऊळ वाचले, २०१५ च्याही. जवळच्या दरबार चौकातले वत्सलादेवीचे देऊळ मात्र ढासळले होते. आज ते पुन्हा उभे आहे.

आमचा मुक्काम एका निवृत्त शिक्षकांच्या घरी होता. आमच्या सौभाग्यवती जुजु धौ नावाच्या तिथल्या दह्याचे दुसरे मडके संपवीत होत्या, तेव्हा गुरुजींनी आपल्या गावची हकीकत सांगायला सुरुवात केली. ते मूळचे सिंधुपाल्चोकच्या डोंगरातले. सर्वांत जास्त माणसे दगावली ती त्याच जिल्ह्यात.

२५ एप्रिल २०१५, बाराला चार मिनिटे कमी. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. नाहीतर काय झाले असते, ते गुरुजींना बोलवेना. सुमारे ९ हजार माणसे गेली. जवळजवळ ५ लाख घरे मातीला मिळाली. भारताची विमाने त्याच दिवशी काठमांडूला उतरली. पाठोपाठ चीन, अमेरिका, जपान; तीसहून अधिक देश धावले. पण काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच! आठवडाभरात तीही खचू लागली आणि ३ मे रोजी मोठ्या विमानांना बंदी झाली. जकातीच्या कागदपत्रांत मदतीचा माल अडकला, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांना उघड तक्रार करावी लागली. ब्रिटनची तीन चिनूक हेलिकॉप्टरे तर भारतापर्यंत येऊन परवानगीअभावी माघारी गेली.

जूनमध्ये काठमांडूला देशोदेशीचे दाते जमले. ४४० कोटी डॉलरची आश्वासने मिळाली, त्यांत १०० कोटी भारताची.

"मग पैसे केव्हा मिळाले?" मी विचारले.

गुरुजी हसले. "साहेब, पैसा देणारं जग होतं, घ्यायला सरकारही होतं. पण कुणाचं घर पडलं, हे सांगणारा गावात कोण?"

त्या प्रश्नात सारी गोम होती. १९९७ नंतर नेपाळात स्थानिक निवडणुकाच झाल्या नव्हत्या. २००२ पासून गावोगावची पंचांची आसने रिकामी. एकेका सचिवाकडे कित्येकदा दोन-तीन गावे. न्यातपोलचे वरचे सिंह-शार्दूल जागेवर होते म्हणा, पण तळचे मल्लच नव्हते!

वरच्यांचीही तऱ्हा पाहा. पुनर्निर्माण प्राधिकरण वटहुकुमाने स्थापन झाले. संसदेने मुदतीत कायदा केला नाही, म्हणून ते आपोआप विसर्जित झाले. सप्टेंबरात नवे संविधान आले, सीमेवर नाकेबंदी झाली, इंधन आटले. प्राधिकरण पुन्हा उभे राहिले ते डिसेंबरात. गुरुजींच्या भावाने पहिला हिवाळा पत्र्याखाली काढला. त्याच्या म्हाताऱ्या आईने—म्हणजे गुरुजींच्याही—तो काढला नाही.

घरासाठी अनुदान ठरले आधी २ लाख नेपाळी रुपये, नंतर ३ लाख, तेही तीन हप्त्यांत. पाया झाल्यावर इंजिनियर पाहणार, मग दुसरा हप्ता. इंजिनियर डोंगर चढून येईपर्यंत भाऊ पायाशेजारी वाट पाहत बसे. २०१७ साली अखेर निवडणुका झाल्या. "तेव्हापासून भांडायला माणूस मिळाला," गुरुजी म्हणाले. "आमच्याच आळीतला. रात्रीसुद्धा दार वाजवता येतं."

भक्तपूरच्या निवडून आलेल्या नगरपालिकेनेही देवळांची कामे स्थानिक समित्यांकडे आणि गावच्याच कारागिरांकडे सोपवली.

दुसऱ्या दिवशी काठमांडूला जाऊन काष्ठमंडप पाहिला. शहराला नाव देणारा हा लाकडी मांडव भूकंपात पडला होता. तो ठेकेदाराकडून बांधून घ्यायला रहिवाशांनी विरोध केला, हट्टाने समिती नेमून घेतली आणि २०२२ मध्ये जुन्या पद्धतीनेच पुरा केला. आम्ही गेलो तेव्हा एक आजीबाई खांबाला टेकून निवांत वाती वळत बसल्या होत्या.