श्रोता क्रमांक ७

हस्तलिखित पाठवावयाचे म्हणजे शाईने लिहिलेली पाने सुतळीने बांधून टपालात टाकावयाची, अशी ज्यांची अजून समजूत असेल त्यांनी एखाद्या परदेशी संज्ञापनशास्त्रीय त्रैमासिकाच्या 'लेखकांस सूचना' एकदा वाचून पाहाव्यात. आम्ही तीन वर्षे खपून एक शोधनिबंध लिहिला. तो लिहून झाला त्या दिवशी काम संपले असे वाटून आम्ही घरच्या मंडळींस श्रीखंड घातले. ते अंमळ लवकरच झाले. निबंध लिहिणे निराळे आणि तो धाडण्याजोगा करणे निराळे. या दुसऱ्या कामास पुढे चार महिने लागले.

विषय तसा जुना. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत दीडशे गावे निवडून प्रत्येक गावी एक श्रोतेमंडळ स्थापिले. आठवड्यातून दोनदा मंडळींनी एकत्र बसून शेतीविषयीचा कार्यक्रम ऐकावयाचा, मागाहून त्यावर चर्चा करावयाची, आणि ज्या शंका निघतील त्या लिहून केंद्राकडे पाठवावयाच्या. केंद्राने त्यांची उत्तरे पुढे नभोवाणीवरून द्यावयाची. कल्पना मूळची कॅनडा देशातली. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालत असत. पुण्याच्या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले, आणि माथुर व न्यूरॅथ या उभयतांचा त्यावरील ग्रंथ युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. त्या मंडळांत बसलेली जी माणसे आज हयात आहेत त्यांस काय आठवते, एवढेच आम्हांस पाहावयाचे होते. चौदा जण भेटले. त्यांतले सातवे तात्या.

तात्या त्या वेळी सोळा वर्षांचे होते. सातवीपर्यंत शिकलेले आणि अक्षर वळणदार, म्हणून मंडळाचे चिटणीस सांगत आणि तात्या लिहीत. शेणखत किती घालावे, पाण्याची पाळी कधी द्यावी, असल्या शंका त्यांच्या हातच्या पोस्टकार्डांतून पुण्यास गेल्या. एके दिवशी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आले. सत्तर वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ सांगताना तात्या खाटेवर ताठ बसले. "रेडिओनं आमच्या गावाचं नाव घेतलं," ते म्हणाले, "तवा समदी माणसं गप झाली. म्हातारी माणसं तर हात जोडून बसली." आणि निघताना त्यांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, तुमच्या त्या पुस्तकात आमचं नाव येनार न्हवं?" आम्ही 'पाहू' असे म्हणालो. संमतिपत्रावर त्यांनी आमच्यासमोरच सही केली होती. कोणाचेही नाव वा गाव प्रकट होणार नाही, असे त्यात तिसऱ्याच कलमात छापलेले होते.

आता सूचनांकडे वळू. मर्यादा आठ हजार शब्दांची, आणि तीत संदर्भसूचीही धरलेली. आमचा मजकूर अकरा हजारांवर गेला होता. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला, त्याची प्रस्तावना या मंडळींच्या हाती पडती तर काय उत्तर आले असते, हा विचार मनात येऊन आम्ही थोडे हसलो, आणि मग कात्री घेतली. गोषवारा दीडशे शब्दांचा, बीजशब्द पाच. संदर्भ अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पद्धतीने द्यावयाचे, म्हणजे कोठे स्वल्पविराम, कोठे तिरपे अक्षर, याचे एक जाडे शास्त्रच शिकावयाचे. त्या पद्धतीच्या २०२० च्या सातव्या आवृत्तीपासून ग्रंथाच्या नोंदीत प्रकाशकाचे गाव देण्याची चाल बंद झाली आहे. आमच्या पिढीस पुस्तकावर 'पुणे' किंवा 'वाई' असे पाहिल्याशिवाय ते कोणत्या घरातले हे कळत नाही. परंतु हुकूम तो हुकूम. सूचीतील गावे आम्ही एकामागून एक पुसली.

मग स्वतःस पुसावयाचे. परीक्षकास लेखक कोण हे कळू नये व लेखकास परीक्षक कोण हे कळू नये, असा दंडक आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. ओळखीपाळखीने न्याय होऊ नये यात वावगे काय? तेव्हा नावाचे पान निराळे केले. आभाराचा परिच्छेद काढला. 'आम्ही पूर्वी अन्यत्र दाखविल्याप्रमाणे' हे लाडके वाक्य तीन ठिकाणी होते, ते तिन्ही ठिकाणी खोडले. इतके करूनही आमच्या कन्येने संगणकावर कोठेतरी बोट ठेवून दाखविले की, फाइलीच्या पोटात लेखक म्हणून आमचे नाव तसेच बसले आहे. तेही काढले. स्वतःचेच हस्तलिखित परक्याचे असल्यासारखे चाळताना विचित्र वाटते. तथापि त्यात एक समाधान असते की, निबंध स्वीकारला गेला म्हणजे हे नाव ठळक अक्षरांत परत येणार.

तात्यांचे परत येणार नव्हते. ही गोष्ट ध्यानात आल्यावर मात्र आम्हांस स्वस्थ बसवेना. मौखिक इतिहास लिहिणारे पुष्कळ विद्वान सांगणाऱ्याची इच्छा असेल तर त्याचे नाव छापतात. मग येथे का नको? आम्ही विद्यापीठाच्या नीतिसमितीस पत्र लिहिले, नव्या संमतिपत्राचा मसुदा केला, आणि तो घेऊन जाण्याच्या आदल्या रात्री सगळ्या मुलाखती पुन्हा वाचावयास बसलो. बरे झाले बसलो. आठव्या व नवव्या क्रमांकाची माणसे त्याच गावची. कार्यक्रम ऐकावयास ओट्यावर कोण बसे आणि ओट्याखाली कोण उभे राही, हे त्या दोघांनी सांगितले होते. सांगून झाल्यावर दोघांनीही, निरनिराळ्या दिवशी, जवळजवळ एकाच शब्दांत विनविले होते की, नाव कोठे येऊ देऊ नका, मुलांना याच गावात राहावयाचे आहे. तात्यांचे नाव छापले की गाव उघडे पडते. गाव उघडे पडले की हे दोघे उघडे पडतात. त्या दोघांचे म्हणणे गाळावे, तर श्रोतेमंडळ म्हणजे एक गोड चित्र तेवढे उरते, आणि तात्या स्वतः ओट्यावर बसणाऱ्यांपैकी होते.

मसुदा फाडून आम्ही गावी गेलो. हे पत्राने कळविणे बरे दिसले नसते. तात्यांस हस्तलिखिताची एक प्रत दिली आणि सांगितले, "तात्या, नाव घालता येत नाही. दुसऱ्या कुणाला त्याचा त्रास होईल." ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. दुसरे कोण, हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी ओळखले असावे असे आम्हांस वाटते. "असू द्या," ते म्हणाले. "मंग मी कुटं हाय ह्यात?" त्यांच्या नातवाने पाने उलटून जेथे जेथे सात हा आकडा होता तेथे तेथे पेन्सिलीने रेघ मारली. नऊ ठिकाणी निघाला. तात्यांनी चष्मा लावून नऊही रेघा पाहिल्या. "आन् रेडिओनं गावाचं नाव घेतलं, त्ये हाय न्हवं?"

आम्ही 'आहे' म्हणालो. ते खरे नव्हते. इंग्रजीत 'मेन्शन' यापलीकडे त्या शब्दाला काही मिळाले नव्हते. आपल्याकडे नाव देवाचे घेतात, नवी नवरी उखाण्यात घेते. म्हातारी माणसे हात जोडून बसली ती त्यामुळे. 'मेन्शन' म्हटल्यावर ते हात जोडणे अडाणीपणाचे दिसू लागले, वाक्य निर्जीव झाले, आणि अकरा हजारांचे आठ हजार करताना पहिल्याच फेरीत कात्रीखाली गेले.

घरी परतल्यावर त्याच रात्री आम्ही उपपत्तीच्या भागातील एक परिच्छेद काढून टाकला. त्यात चार पाश्चात्त्य पंडितांची मते होती आणि तो आम्हांस फार आवडत असे. त्या जागी तात्यांचे वाक्य घातले; 'नाव घेतलं' हे दोन शब्द मराठीच ठेवले आणि त्यांचा अर्थ चार ओळींत उलगडून सांगितला. गावाचे नाव अर्थातच नाही. शब्द मोजले, ते ७,९९४ भरले. कन्येने फाइलीचे पोट पुन्हा एकदा तपासले, आणि पहाटे दोनच्या सुमारास निबंध गेला.